संस्थेच्या वेबसाइटवर ऑनलाइन देणगी: कोणती सोय घ्यावी? (मदत हवी आहे)

पर्वती_पायथा

नमस्कार मंडळी,
पुण्यातल्या एका छोट्या नोंदणीकृत न्यासाच्या वेबसाइटवर देणगी घ्यायची सोय करायची आहे. साइट वर्डप्रेसवर आहे. आयकराची १२ए (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट) नोंदणी आहे, एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याची) नोंदणी नाही. सध्या पानावर बँक खात्याचा तपशील आणि यूपीआयचा क्यूआर आहे. पैसे येतात, पण कोणी दिले ते धड कळत नाही. स्टेटमेंटमध्ये अर्धवट नाव आणि रक्कम, बस्स. वर्षाला साधारण तीनशे देणग्या, बहुतेक ५०० ते ५,००० रुपयांच्या. कोड लिहिणारं कोणी नाही, अकाउंटंट अर्धवेळ आहेत. रेझरपे, कॅशफ्री, ईझबझ, गिव्हडब्ल्यूपी, दानमोजो ही नावं कानावर आली आहेत. कमिशन सगळ्यात कमी कुठे लागतं?

खतावणी

कमिशनपासून सुरुवात केलीत तर निवड चुकेल. आधी फॉर्म १०बीडी (आयकर खात्याला द्यायचं देणगीदारांचं विवरण) समोर ठेवा आणि त्याचे रकाने जे साधन आपोआप भरून देईल ते घ्या.

वर्षभरातल्या देणग्यांचं १०बीडी विवरण ३१ मेपर्यंत भरावं लागतं. त्यात प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक, देणगीचा प्रकार (कॉर्पस म्हणजे कायम निधी, विशिष्ट अनुदान, इतर), मार्ग आणि रक्कम लागते. ते भरल्यावर पोर्टलवरून १०बीई प्रमाणपत्र निघतं. देणगीदाराला वजावट मिळते ती त्या १०बीईवर. तुमची छापील पावती त्याला पुरत नाही. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, शिवाय १०,००० ते १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. (हे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा लागू, तेव्हा नवे क्रमांक सीएंकडून ताडून घ्या.)

म्हणून पॅन आणि पत्ता पैसे भरण्याच्या आधी मागायचा. नंतर मेल करून मागितला तर निम्मे लोक उत्तर देत नाहीत, आणि मे महिन्यात अकाउंटंट फोन लावत बसतात. पॅनच्या रकान्याला तपासणी लावा: पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. चौथं अक्षर व्यक्तीसाठी पी असतं, कंपनीसाठी सी. नाव व्यक्तीचं आणि चौथं अक्षर सी असेल, तर कोणीतरी ऑफिसचा पॅन टाकलेला आहे.

तुमच्या क्यूआरबद्दल: ज्यांचं नाव-पत्ता नोंदलेलं नाही त्या देणग्या निनावी धरल्या जातात. धर्मादाय संस्थेत अशी रक्कम एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यांतलं जे जास्त असेल त्याच्या वर गेली, की वरच्या भागावर ३० टक्के कर. तुमच्या आकाराच्या संस्थेला लगेच धोका नाही, पण पानावर उघडा क्यूआर ठेवायचं कारणही नाही.

आता कमिशन. समजा दर २ टक्के. ५,००० रुपयांवर १०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १८ रुपये, हातात ४,८८२ रुपये. पावती मात्र ५,००० चीच द्यायची आणि ११८ खर्चात टाकायचे. बँकेत आलेल्या रकमेची पावती फाडणं ही नेहमीची चूक, तेवढी टाळा. संस्थेची जीएसटी नोंदणी नसेल तर ते १८ रुपये परत मिळत नाहीत. यूपीआय आणि रुपे डेबिटवर जानेवारी २०२० पासून एमडीआर (पैसे घेणाऱ्याला लागणारं व्यवहार शुल्क) शून्य आहे, तरी गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्या बँकेत पोचवणारी कंपनी) आपलं वेगळं शुल्क लावू शकतो. करारात ती ओळ शोधून वाचा.

डावा_कंस

खतावणींशी सहमत. तांत्रिक बाजू सांगतो.

तुमच्यासमोर तीन वाटा आहेत. एक, गेटवेचं तयार पेमेंट पेज: रेझरपे, कॅशफ्री वगैरेंकडे आहे, पॅन-पत्त्याचे रकाने घालता येतात, वेबसाइटवर फक्त बटण. दोन, वर्डप्रेसला जोडायचं गिव्हडब्ल्यूपीसारखं प्लगइन आणि मागे गेटवे. दिसायला छान, पण पॅनचा रकाना आपण जोडायचा, प्लगइन अपडेट करत राहायचं, आणि अपडेटनंतर फॉर्म मोडला तर बघणार कोण? तीन, दानमोजोसारखी भारतीय संस्थांसाठीच बनवलेली सेवा. कोड लिहिणारं कोणी नसेल तर एक किंवा तीनच. डोनरबॉक्स या परदेशी देणगी सेवेचं नाव कोणी सुचवेल. ते स्ट्राइप आणि पेपॅल या परदेशी गेटवेंवर चालतं. भारतात स्ट्राइप नवी खाती निमंत्रणावरच देतं, आणि पेपॅलने देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केलेत. तिकडे वेळ घालवू नका.

कोणतंही घ्या, विचारायचा प्रश्न एकच: पावती कशावरून निघते? 'धन्यवाद' पान उघडल्यावर निघत असेल तर नको. यूपीआयमध्ये माणूस फोनवर पिन टाकतो आणि ब्राउझरकडे परत येतच नाही. पैसे कटले, पावती नाही, मग संस्थेला फोन. पावती वेबहुकवरून निघायला हवी, म्हणजे गेटवेचा सर्व्हर स्वतः 'पैसे आले' असं कळवतो तेव्हा. तोच निरोप दोनदाही येतो, म्हणून पेमेंट आयडी एक तर पावती एक.

ऑटो-कॅप्चर (मंजूर झालेली रक्कम आपोआप वसूल करणं) चालू आहे ना, हेही बघा. नाहीतर व्यवहार 'ऑथराइज्ड' अवस्थेत अडकतो आणि ठरलेली मुदत संपली की रक्कम देणगीदाराकडे परत जाते.

पर्वती_पायथा

बरंच स्पष्ट झालं, धन्यवाद. दोन शंका: दरमहा देणगी कशी घ्यायची? आणि मूळच्या पुण्याच्या, आता अमेरिकेत असलेल्या लोकांकडून घेता येईल का?

खतावणी

दुसरं आधी, कारण तिथे चूक महागात पडते. बघायचं ते पासपोर्ट कोणता. राहतात कुठे याला महत्त्व नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. पासपोर्टची प्रत मागून फाइलला लावा. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) असो वा पुण्यातल्या खात्यातून रुपयांत दिलेले असोत, ती परदेशी देणगीच. एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. नोंदणी असली तरी ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. तेव्हा गेटवेमध्ये आंतरराष्ट्रीय कार्डं बंद ठेवा आणि फॉर्मवर 'मी भारतीय नागरिक आहे' ही खूण सक्तीची करा.

डावा_कंस

आंतरराष्ट्रीय कार्डं बंद ठेवण्याचा आणखी एक फायदा: चोरलेली कार्डं चालतात का हे तपासायला बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) देणगीची पानं वापरतात, कारण तिथे १०-२० रुपये भरले तरी कोणी हटकत नाही. किमान रक्कम १०० ठेवा, कॅप्चा (समोर माणूसच आहे ना, ही तपासणी) लावा.

दरमहासाठी यूपीआय ऑटोपे किंवा कार्डावरचा ई-मँडेट (दरमहा रक्कम आपोआप कापायची आगाऊ परवानगी). पहिल्यांदा देणगीदाराने ओटीपी किंवा पिनने मंजुरी द्यायची. पुढे १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम दर वेळी ओटीपी न मागता कटते, २४ तास आधी सूचना जाते. ती सूचना बघून काही जण रद्द करतात, काहींच्या खात्यात शिल्लक नसते. फसलेल्या हप्त्यांची यादी मेलवर येते का, ते डेमोत दाखवायला सांगा.

शेड्यूल_वन

एक गोष्ट राहिली: केवायसी. गेटवेला न्यासाचा पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, न्यासपत्र, ठराव, रद्द केलेला चेक लागतो. वेबसाइटवर गोपनीयता, परतावा आणि संपर्काची पानंही लागतात. अडतं ते बहुधा दोन ठिकाणी. पॅनवर 'ट्रस्ट', बँकेत 'न्यास', असं नाव जुळत नाही. किंवा ठरावावर सह्या नव्या विश्वस्तांच्या, आणि धर्मादाय आयुक्तांकडच्या परिशिष्ट १ वर, म्हणजे न्यासाच्या अधिकृत नोंदीवर, अजून जुनीच नावं, कारण बदल अर्ज प्रलंबित. परिशिष्टावर ज्यांची नावं आहेत त्यांच्याच सह्यांचा ठराव जोडा, काम लवकर होतं.

आणि मार्चच्या शेवटी सुरू करू नका. पैसे खात्यात यायला साधारण दोन कामकाजाचे दिवस लागतात, त्यामुळे ३१ मार्चची देणगी एप्रिलमध्ये जमा दिसते. पावतीवर तारीख देणगीदाराचे पैसे कटल्याची, आणि ताळेबंदात ती रक्कम 'गेटवेकडून येणे'.