मकरपुरा जीआयडीसी (वडोदऱ्याची औद्योगिक वसाहत): शॉपमधले पीएलसी-सीएनसी सुरक्षित करायला कुठून सुरुवात करावी?

मकरपुरा_मेंटेनन्स: संरक्षण क्षेत्राला सुटे भाग देणारा आमचा ग्राहक आता सायबर सुरक्षेची प्रश्नावली भरून मागतोय. शॉपमध्ये ६ सीएनसी (संगणकावर चालणारी कटिंग मशीनं), फर्नेस आणि कॉम्प्रेसर चालवणारे २ पीएलसी (कंट्रोलर), आणि त्यांच्यावर पडद्यावरून लक्ष ठेवणारा विंडोज ७ वरचा एक स्काडा पीसी. सगळं ऑफिसच्याच नेटवर्क स्विचवर. मशीनवाल्यांचा इंजिनिअर एनीडेस्कनं (दुरून पीसी चालवायचं सॉफ्टवेअर) आत येतो. विक्रेता म्हणतो, फायरवॉल घ्या, झालं. खरंच झालं का?

लॅडर_लॉजिक: फायरवॉल लागेलच, पण त्यात नियम कोणते लिहिणार? कोणतं यंत्र कुणाशी बोलतं हे माहीत नसलं की 'सगळ्यांना सगळं खुलं' एवढा एकच नियम पडतो आणि डबा रॅकची शोभा वाढवतो. मॅनेज्ड स्विचचा एक पोर्ट मिरर करा, म्हणजे नेटवर्कवरच्या संवादाची प्रत त्यावर येईल; लॅपटॉपवर वायरशार्क (तो संवाद दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा, आठवडाभर नुसतं ऐका. रात्रपाळीही त्यात येऊ द्या. शॉप चालू असताना एनमॅप (प्रत्येक यंत्राला प्रश्न पाठवून नेटवर्क तपासणारं स्कॅनर) मात्र मारू नका. जुन्या पीएलसीचं कम्युनिकेशन अडकू शकतं, आणि फर्नेस तापलेली असताना ते परवडत नाही.

मग ऑफिस, सीएनसी आणि पीएलसी-स्काडा यांचे वेगळे व्हीलॅन (एकाच स्विचवरचे वेगळे नेटवर्क) करा. पीएलसी ज्या भाषेत नेटवर्कवर बोलतात ती मॉडबस टीसीपी पासवर्ड विचारतच नाही. जो तिच्या नेटवर्क पोर्ट ५०२ पर्यंत पोचला तो रजिस्टरमध्ये (पीएलसीच्या मेमरीतल्या आकड्यांत) लिहू शकतो. म्हणून तो पोर्ट फक्त स्काडा पीसीच्या आयपीला खुला ठेवा. पीएलसीला मोडची किल्ली असेल तर 'रन'वर फिरवून काढून घ्या, म्हणजे नेटवर्कवरून प्रोग्राम बदलणं अवघड होतं. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या पेट्रोकेमिकल कारखान्यात ट्रायटन मालवेअर सेफ्टी कंट्रोलरमध्ये (धोका दिसला की कारखाना बंद करणारा कंट्रोलर) उतरलं, तिथे किल्ली 'प्रोग्राम'वरच राहिली होती.

सुरसागर_काठ: आठवडाभर ऐका, पण एनीडेस्क आजच काढा. आणि मशीनचं पॅनेल उघडून अँटेना दिसते का बघा. कित्येकदा मशीनवाले सिम घातलेला ४जी राउटर आत बसवून जातात; त्या वाटेचा फायरवॉलला पत्ताच नसतो. इंजिनिअरला व्हीपीएन, ओटीपी आणि मधला एक पीसी एवढीच वाट द्या. ती काम असेल तेव्हाच चालू करायची. फॅक्टरीतून आलेले पासवर्डही बदला: २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पाणीपुरवठा केंद्रांत ज्या युनिट्रॉनिक्स पीएलसींवर हल्ले झाले, त्यांचा मूळ पासवर्ड ११११ होता.

मकरपुरा_मेंटेनन्स: विंडोज ७ चं काय? स्काडा नव्या विंडोजवर चालत नाही.

लॅडर_लॉजिक: मग राहू द्या, पण एकटा. सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय, तेव्हा त्यावर इंटरनेट, मेल, फाइल शेअरिंग काहीच नको. डिस्कची इमेज काढा आणि दुसऱ्या डिस्कवर चढवून सुरू होते का ते बघा. लायसन्सचा डोंगल (पीसीला लावायची यूएसबी किल्ली) जपा, तो गेला तर इमेजचा उपयोग नाही. आणखी एक: बऱ्याच जुन्या पीएलसींमधून प्रोग्राम अपलोड केला, म्हणजे पीसीवर परत वाचून घेतला, तर टॅगची (सिग्नलची) नावं आणि कमेंट येत नाहीत. मूळ प्रोजेक्ट फाइल पॅनेलवाल्याकडून आत्ताच मागून घ्या.

सुरसागर_काठ: प्रश्नावलीत घटना कळवण्याबद्दल विचारतीलच. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. सगळ्या यंत्रांची घड्याळं एनटीपीनं (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) जुळवा. स्काडा २० मिनिटं मागे असेल तर फायरवॉलच्या लॉगशी त्याचा मेळ बसत नाही. राहिला पेनड्राइव्ह: सीएनसीचे प्रोग्राम आधी वेगळ्या पीसीवर तपासून मगच मशीनला द्या. आणि जॉब संपला की ग्राहकाचा प्रोग्राम मशीनच्या मेमरीतून पुसा, हे सर्रास राहून जातं.