होल्डन कॉलफील्ड नुसता कुरकुरतो का? 'द कॅचर इन द राय'वर चर्चा

पिंपळपान

'द कॅचर इन द राय' वाचून संपवणाऱ्यांत दोन तट पडतातच. एक म्हणतो, श्रीमंताघरचा सोळा वर्षांचा पोरगा दोनशेच्या वर पानं नुसता कुरकुरतो, ह्यात वाचण्यासारखं काय आहे? दुसरा त्याला डोक्यावर घेतो, कारण होल्डन मोठ्या माणसांचं ढोंग चव्हाट्यावर आणतो. माझ्या मते दोघांच्याही वाचनातून ॲली निसटलेला असतो, आणि ॲली निसटला की कादंबरीच निसटली.

वाचली नसेल त्यांच्यासाठी: जे. डी. सॅलिंजरची ही कादंबरी जुलै १९५१ मध्ये आली. होल्डन कॉलफील्डला पेन्सी ह्या निवासी शाळेतून काढलंय, पाचांपैकी चार विषयांत नापास म्हणून. नाताळची सुट्टी बुधवारी लागणार, पण तो शनिवारी रात्रीच बॅगा उचलतो आणि घरी न जाता न्यूयॉर्कात हॉटेल, बार, टॅक्सी, बाग असा सोमवारपर्यंत भटकतो. हे सगळं तो काही महिन्यांनी, कॅलिफोर्नियात उपचार घेत असताना सांगतोय.

ॲली हा त्याचा धाकटा भाऊ. १८ जुलै १९४६ ला रक्ताच्या कर्करोगाने गेला, तेव्हा तो अकराचा आणि होल्डन तेराचा. होल्डन ह्या दुःखाचा गाजावाजा करत नाही. पाचव्या प्रकरणात खोलीतल्या स्ट्रॅडलेटरला निबंध लिहून द्यायचा असतो, म्हणून तो ॲलीच्या बेसबॉलच्या हातमोज्यावर लिहितो. डावखुऱ्याचा मोजा, बोटांवर आणि तळव्यावर हिरव्या शाईने कविता लिहिलेल्या, म्हणजे मैदानात रिकामा वेळ गेला तर वाचायला काहीतरी असावं. मग ओघात सांगून टाकतो, की ॲली गेला त्या रात्री आपण गॅरेजमध्ये झोपलो आणि मुठीने तिथल्या सगळ्या काचा फोडल्या. पुढच्याच प्रकरणात स्ट्रॅडलेटरशी मारामारी होते आणि त्याचा ठोसा नीट बसत नाही, कारण त्या उजव्या हाताची मूठ आता धड वळतच नाही. एक वाक्य, आणि लेखक पुढे निघून जातो.

चौदाव्या प्रकरणात हॉटेलच्या खोलीत तो ॲलीशी मोठ्याने बोलतो, सायकल घेऊन ये म्हणतो, कारण एकदा त्याला बरोबर न्यायला नकार दिलेला असतो. विसाव्यात कबरीवर पडणारा पाऊस. पंचविसाव्यात फिफ्थ अव्हेन्यूवर चालताना, प्रत्येक रस्ता ओलांडण्याआधी आपण नाहीसे होऊ ही भीती आणि पुन्हा ॲलीचाच धावा. हे उतारे एका बैठकीत ओळीने वाचा आणि मग सांगा, हा मुलगा कुरकुरतोय का.

शेवाळ

ॲलीला कुणी विसरत नाही हो. दुःखामुळे माणूस चिडचिडा होतो, हे पटतंच. पण चिडचिडीचं कारण कळलं म्हणून ती वाचायला रंजक होत नाही. नवव्या ते एकोणिसाव्या प्रकरणांचा साचा बघा: कुणाला तरी फोन करायचा किंवा भेटायचं, दोन मिनिटांत त्या माणसात ढोंग शोधायचं, कंटाळून निघायचं. हॉटेलच्या लॅव्हेंडर रूममधल्या तीन बायका, अर्नीचा क्लब, मैत्रीण सॅली, जुना शाळासोबती कार्ल लूस. माणसं बदलतात, प्रसंगाचा शेवट बदलत नाही. वाचकाला ह्यातून नवं काय मिळतं?

दुसरी गोष्ट पैशाची. वडील बड्या कंपन्यांचे वकील, आजी वर्षातून चारेकदा वाढदिवसाचे पैसे पाठवते, पेन्सी ही काही त्याची पहिली शाळा नव्हे. १९४० च्या दशकातल्या न्यूयॉर्कात ह्या वयाची कितीतरी मुलं कामाला जात होती. कादंबरीला ह्याचं भान फार थोड्या जागी आहे.

आणि सॅली हेजचं काय? सतराव्या प्रकरणात तो तिला अचानक म्हणतो, चल, मॅसॅच्युसेट्स-व्हर्माँटकडे पळून जाऊ, बँकेत माझे १८० डॉलर आहेत. ती व्यवहारी उत्तर देते, की आपण दोघंही जवळजवळ लहान मुलंच आहोत. त्यावर तो तिचा अपमान करतो, ती रडायला लागते, तर हसत सुटतो. तिचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. तरी वर्षानुवर्षं वाचक सॅलीलाच उथळ म्हणत आलेत.

तळटीप

सॅलीबद्दल शेवाळ ह्यांच्याशी पूर्ण सहमत, पण निष्कर्षाशी नाही. ती बरोबर आहे हे आपल्याला कळतं कुठून? होल्डनच्याच तोंडून. तिचं म्हणणं तो प्रामाणिकपणे, जसंच्या तसं सांगतो आणि आपण हरल्याचं लपवत नाही. सांगणारा चुकतोय हे वाचकाला त्याच्याच निवेदनातून दिसावं, ही ह्या कादंबरीची सगळ्यात अवघड कारागिरी आहे.

माझी सूचना: होल्डनची मतं बाजूला ठेवा आणि फक्त कृती बघत जा. पाचव्या प्रकरणात तो बर्फाचा गोळा करतो, पण समोरची गाडी पांढरीशुभ्र छान दिसते म्हणून तिच्यावर मारत नाही. न्याहारीला भेटलेल्या दोन ख्रिस्ती जोगिणींना दहा डॉलर देतो आणि नंतर वाटत राहतं की कमीच दिले. बागेत एका अनोळखी मुलीचं स्केट घट्ट करून देतो. तेराव्या प्रकरणात खोलीवर आलेल्या सनी ह्या वेश्येचा हिरवा झगा कपाटात अडकवताना त्याच्या मनात येतं, की ही दुकानात हा विकत घ्यायला गेली असेल तेव्हा कुणाला काही कळलंही नसेल, आणि तो उदास होतो. जीभ तिखट, हात मऊ. ज्यांना फक्त जीभ ऐकू येते त्यांना तो असह्य होणारच.

काजवा

आपल्याकडे ही चर्चा 'कोसला'पाशी आल्याशिवाय राहत नाही, म्हणून आत्ताच आणतो. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ ची, म्हणजे बारा वर्षांनंतरची. दोन्हींत शिक्षणात न रमणारा तरुण, दोन्हींत प्रथमपुरुषी तिरकस निवेदन, दोन्हींत धाकट्या भावंडाचा मृत्यू. एवढ्यावरून 'तिकडून उचललं' म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला हे साम्य वरवरचं वाटतं.

मृत्यू कुठे ठेवलाय ते बघा. ॲली कथा सुरू होण्याच्या कितीतरी आधी गेलेला आहे. तो तुकड्यातुकड्यांनी येतो आणि प्रत्येक वेळी होल्डन विषय बदलतो. 'कोसला'चा नायक पांडुरंग, त्याची बहीण मनी मात्र कादंबरीच्या चालू काळात जाते, आणि तिथे निवेदनाचा सूरच फाटतो. आधीची सगळी टवाळी त्या पानांवर बंद पडते. पुढे अजिंठ्याचा भाग येतो तो ह्याच शोकाच्या पोटातून. म्हणजे एकाने दुःख कादंबरीभर झिरपवलं, दुसऱ्याने एका जागी कडा कोसळवला.

शिवाय पांडुरंग खानदेशातून पुण्याच्या वसतिगृहात येतो तेव्हा त्याच्या पाठीशी शेती, एकत्र घर आणि वडिलांचा धाक आहे. मेसचा हिशेब अंगावर येतो तो थेट बापलेकांच्या नात्यावर. होल्डनचे आईवडील कादंबरीत जवळजवळ नाहीतच. आई आल्याचा फक्त आवाज येतो आणि हा कपाटात लपतो. शेवटी होल्डनला मानसोपचारतज्ज्ञ मिळतो, पांडुरंगला गावातल्या रिकामटेकड्या पोरांची संगत. ही दोन समाजांची दोन टोकं आहेत, नक्कल नाही.

शेवाळ

काजवा, ही तुलना उलट माझ्याच बाजूने जाते. 'कोसला'त पांडुरंगच्या बेफिकिरीची किंमत पैशांत, नात्यांत, गावातल्या प्रतिष्ठेत मोजली जाते. होल्डनच्या बेफिकिरीची किंमत कोण मोजतं? तलवारबाजीच्या संघाचं सगळं साहित्य तो भुयारी रेल्वेत विसरतो, सामना रद्द होतो, आणि ते अर्ध्या परिच्छेदात संपतं.

सांजवात

किंमत मोजणारी एक व्यक्ती आहे: फीबी, दहा वर्षांची बहीण. तिची नाताळच्या खरेदीची पुंजी आठ डॉलर पासष्ट सेंट. अंधाऱ्या खोलीत फीबी ती सगळी भावाच्या हातात ठेवते आणि तिथे होल्डन पहिल्यांदा हुंदके देऊन रडतो. तिने त्याआधी त्याला धारेवर धरलेलं असतं: तुला काहीच आवडत नाही, आवडणारी एक गोष्ट सांग. तो ॲली म्हणतो. ती म्हणते, ॲली तर मेलाय. ह्याच्याहून कठोर हिशेब कुठला?

मला वाचकांच्या मतभेदाची खरी जागा चोविसावं प्रकरण वाटते. अँटोलिनी हे त्याचे जुने शिक्षक. जेम्स कॅसल ह्या मुलाने खिडकीतून उडी मारली तेव्हा त्याच्या अंगावर स्वतःचा कोट घालून त्याला उचलून नेणारे तेच. होल्डन त्यांच्या कोचावर झोपतो, मध्यरात्री जागा होतो तर ते अंधारात शेजारी बसून त्याचं डोकं कुरवाळत असतात. तो घाबरून पळतो. काही वाचक ठामपणे म्हणतात, हा गैरफायदाच. काही म्हणतात, दारू चढलेल्या, काळजीत पडलेल्या माणसाची माया. सॅलिंजरने उत्तर दिलेलं नाही, आणि पुढच्या प्रकरणात होल्डनलाच वाटायला लागतं, की आपण घाई तर नाही केली? दुसऱ्यांवर दोन मिनिटांत शिक्का मारणारा हा मुलगा पहिल्यांदाच आपला शिक्का मागे घेऊन बघतो. पालकांनी आणि शिक्षकांनी हे प्रकरण मुलांसोबत वाचताना लगेच निकाल देऊ नये. अशा वेळी तिथून निघून जाण्याचा हक्क मुलाला आहे, एवढं मात्र स्पष्ट सांगावं.

तळटीप

ह्या पुस्तकाला शाळांतून विरोध झाला तो मुख्यतः शिव्यांमुळे. १९६० मध्ये ओक्लाहोमातल्या तल्सा इथे अकरावीच्या वर्गाला हे पुस्तक नेमलं म्हणून शिक्षिकेला काढण्यात आलं होतं, नंतर परत घेतलं. पण पंचविसाव्या प्रकरणात काय आहे? फीबीच्या शाळेच्या भिंतीवर लिहिलेली शिवी होल्डन हाताने पुसतो, लहान मुलांच्या नजरेला पडू नये म्हणून. दुसरी चाकूने कोरलेली असते, ती पुसली जात नाही. विरोध करणाऱ्यांना जे हवं होतं तेच हा मुलगा करत होता.

नदीकाठ

वाचनगटात हे पुस्तक घ्यायचं तर सव्वीस प्रकरणं चार बैठकांत बसतात: पहिली सात (पेन्सी सोडेपर्यंत), आठ ते चौदा, पंधरा ते वीस, आणि उरलेली सहा. एका बैठकीत उरकायला जाल तर चर्चा 'आवडला की नाही' ह्यावरच अडकते. पहिल्या बैठकीला पाचव्या प्रकरणातला मोज्याचा उतारा मोठ्याने वाचावा, इंग्रजीतूनच, कारण 'ॲन्ड ऑल' सारखी शेपटं लावत बोलण्याची त्याची लय कानावर पडली की पुढचं सोपं जातं. तिसऱ्या बैठकीला गळती होते, ते शेवाळ म्हणतात त्याच प्रकरणांमुळे. तिथे प्रत्येकाला एकच काम द्यावं: होल्डन जेन गॅलघरला फोन करायचं किती वेळा ठरवतो आणि टाळतो, त्या जागांवर खुणा करायच्या. जिच्याबद्दल त्याला खरोखर काही वाटतं तिच्याशी तो बोलूच शकत नाही, हे त्या खुणांतून दिसतं. चर्चेचा सूर तिथून बदलतो.

शेवाळ

खुणांची कल्पना चांगली आहे. तरी माझा मूळ प्रश्न उभाच आहे. ह्या मधल्या अकरा प्रकरणांतली दोन गाळली असती तर काय बिघडलं असतं? माझ्याकडून एकोणिसावं आणि अठरावं. कार्ल लूसच्या बारमधल्या गप्पा आणि रेडिओ सिटीतला सिनेमा. दोन्ही भरताड आहेत.

पिंपळपान

एकोणीस गाळता येत नाही. लूसचे वडील मनोविश्लेषक आहेत आणि होल्डनने उपचार घ्यावेत, हे तिथे लूस सुचवतो. ते काढलं तर सव्विसाव्यातला तज्ज्ञ आकाशातून पडल्यासारखा वाटेल.

अठरावं जास्त महत्त्वाचं. सिनेमा संपल्यावर होल्डन युद्धाबद्दल विचार करत चालतो आणि त्याला मोठा भाऊ डी. बी. आठवतो, सैन्यात चार वर्षं काढलेला. ॲलीने त्याला विचारलेलं असतं, की लेखक असताना युद्धात असणं चांगलंच नाही का, लिहायला भरपूर मिळतं. डी. बी. ॲलीला तो कवितांचा मोजा आणायला सांगतो आणि विचारतो, युद्धावर जास्त चांगलं कुणी लिहिलं, सैनिक-कवी रूपर्ट ब्रूकने की कधी युद्धावर न गेलेल्या कवयित्री एमिली डिकिन्सनने? ॲली म्हणतो, एमिली डिकिन्सन. तुम्ही गाळायला निघालेल्या पानांत तीनही भाऊ एकत्र आहेत.