मदत हवी आहे : संथ पण कल्पक मिडफिल्डरसाठी ४-४-२ सोडून ३-५-२ स्वीकारावी का?

नमस्कार. १७ वर्षांखालील मुलांच्या एका फुटबॉल संघाला मी गेली दोन वर्षे प्रशिक्षण देतो आहे. संघात १६ मुले आहेत आणि आजवर आम्ही सातत्याने ४-४-२ (चार बचावपटू, मधल्या फळीत चार मिडफिल्डर आणि पुढे दोन स्ट्रायकर) याच रचनेत खेळत आलो आहोत. ती मी फार विचारपूर्वक निवडली असे म्हणता येणार नाही. मी स्वतः त्याच रचनेत खेळलो, मुलांना ती लवकर समजते, आणि आपल्या शेजारी कोण व पुढे कोण हे प्रत्येकाला सांगायला ती सर्वांत सोपी आहे. या हंगामात मात्र तिच्या मर्यादा इतक्या स्पष्ट दिसू लागल्या आहेत की जाणकारांना विचारल्याशिवाय पुढचा निर्णय घेऊ नये असे वाटते.

अडचणीचे मूळ मधल्या फळीत आहे. आम्हाला भेटणारे बहुतेक संघ ४-३-३ खेळतात, म्हणजे मैदानाच्या मध्यभागी त्यांचे तिघे आणि आमचे दोघे असतात. आमच्या दोघांनी त्यांच्या दोघांना धरले की तिसरा मोकळा राहतो आणि चेंडू नेमका त्याच्याकडे जातो. त्याला अडवायला आमच्यापैकी एक जण धावला की त्याने सोडलेल्या जागेतून पुढचा पास निघतो. साठाव्या मिनिटापर्यंत हे दोघे इतके दमलेले असतात की त्यानंतर आम्ही फक्त चेंडू लांब फटकावत राहतो.

यात सर्वाधिक नुकसान होते ते आमच्या आठ क्रमांकाच्या मुलाचे, आणि खरे सांगायचे तर हा प्रश्न मी मुख्यतः त्याच्यासाठीच विचारतो आहे. चेंडू पायाशी येण्याआधीच तो मान वळवून दोन्ही बाजू पाहून घेतो, आणि चाळीस मीटरचा पास धावणाऱ्या सहकाऱ्याच्या पुढ्यात अचूक टाकतो. इतकी दृष्टी असलेला मुलगा मला या दोन वर्षांत दुसरा दिसलेला नाही. परंतु तो वेगवान नाही, अंगकाठीने लहान आहे, आणि मध्यभागी दोघांचीच फळी असेल तर जेवढे अंतर धावावे लागते तेवढे त्याच्याने होत नाही. म्हणून काही सामने मी त्याला डाव्या कडेला खेळवून पाहिले. तेथे एका बाजूला रेषाच असल्यामुळे त्याला पास द्यायला अर्धेच मैदान उरते, आणि शिवाय चेंडूही क्वचित मिळतो. तो तक्रार करत नाही, पण त्याचा उत्साह मावळत चालला आहे हे मला दिसते.

बाकीच्या मुलांविषयीही थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय उत्तर देणे कठीण जाईल. आमचे दोन स्ट्रायकर एकमेकांना चांगले पूरक आहेत. एक उंच असून गोलकडे पाठ करून चेंडू धरून ठेवतो, तर दुसरा बचावफळीच्या मागे धावतो. आमचे बहुतेक गोल या जोडीनेच केले आहेत. उजवा फुल-बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, अतिशय वेगवान आहे. डावा फुल-बॅक संथ आहे, पण हेडर आणि खेळाचा अंदाज यांत तो पक्का आहे. दोन सेंटर-बॅकपैकी, म्हणजे मधल्या बचावपटूंपैकी, एक चपळ आहे आणि दुसरा ताकदवान असून त्याचा पास उत्तम आहे. डाव्या विंगरला (कडेच्या मिडफिल्डरला) कितीही धावायला सांगा, तो थकत नाही. उजवा विंगर चेंडू घेऊन समोरच्याला चकवतो, आणि परत येऊन बचावातही प्रामाणिकपणे मदत करतो. मध्यभागी आठ क्रमांकाच्या शेजारी खेळणारा मुलगा चेंडू हिसकावण्यात तरबेज आहे, पण त्याचा पास साधाच आहे.

मी तीन पर्यायांचा विचार केला. ४-२-३-१ मध्ये आठ क्रमांकाला स्ट्रायकरच्या मागे मोकळी जागा मिळेल, पण स्ट्रायकरांची जोडी मोडावी लागेल. मधल्या फळीचा चौकोन उभा करून ४-३-१-२ खेळलो तर जोडी टिकते. मात्र त्या रचनेत कडा पूर्णपणे फुल-बॅकवर अवलंबून असतात, आणि आमचा डावा फुल-बॅक ते ओझे पेलू शकणार नाही. ३-५-२ मला सर्वांत जवळची वाटते. फक्त तिच्यात उजव्या विंगरला जागाच उरत नाही, आणि ज्या मुलाने काहीही चूक केलेली नाही त्याला बाहेर बसवण्यास माझे मन तयार होत नाही.

तर प्रश्न असा आहे की एका खेळाडूसाठी अकरा जणांची रचना बदलणे योग्य ठरेल का, आणि ठरत असेल तर त्याला नेमके कोठे उभे करावे?

प्रतिसाद १

आपण खेळाडूंचे वर्णन इतके नेमके केले आहे की उत्तर त्यातच अर्धे दडलेले आहे. माझ्या मते ३-५-२ खेळावी, आणि आठ क्रमांकाला स्ट्रायकरच्या मागे न ठेवता बचावफळीच्या लगेच पुढे, तिघांच्या मधल्या फळीच्या तळाशी उभे करावे.

संथ पण कल्पक खेळाडूला पुढे ढकलण्याकडे प्रशिक्षकांचा कल असतो, कारण तेथे त्याच्यावर बचावाची जबाबदारी कमी येते. परंतु गोलजवळ जागा सर्वांत कमी आणि वेळही सर्वांत कमी असतो, त्यामुळे वेग नसलेला मुलगा तेथे चटकन घेरला जातो. इटलीचा मिडफिल्डर आंद्रेआ पिर्लो सुरुवातीला स्ट्रायकरच्या मागेच खेळत असे. २००१ मध्ये ब्रेशिया या इटालियन क्लबकडे तो उसनवारीवर आला तेव्हा त्या जागेवर रोबर्तो बाज्जो होता, म्हणून प्रशिक्षक कार्लो माझ्झोने यांनी पिर्लोला मागे आणले. पुढे एसी मिलान या क्लबमध्ये प्रशिक्षक कार्लो अँचेलोत्ती यांनी तोच विचार पक्का केला आणि २००३ मध्ये त्या संघाने चॅम्पियन्स लीग ही युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकली. मात्र त्या अंतिम सामन्यात पिर्लोच्या एका बाजूला गात्तुसो आणि दुसऱ्या बाजूला सीडॉर्फ होता हे विसरू नये. त्याने धावायचे टाळलेले अंतर हे दोघे भरून काढत होते. म्हणून आपल्या मुलाला मागे आणताना त्याच्या दोन्ही बाजूंना धावणारे कोण असतील हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

एका बाजूला चेंडू हिसकावणारा मुलगा आहेच. दुसऱ्या बाजूला मी आपल्या उजव्या विंगरला ठेवून पाहीन. ३-५-२ ही रचना ४-३-३ समोर उभी राहते तेव्हा मध्यभागी तीनास तीन होतात, पण समोरचे फुल-बॅक मोकळे सुटतात. आपल्या विंग-बॅकला (कडेचा पूर्ण पट्टा एकट्याने सांभाळणाऱ्या खेळाडूला) त्यांच्या विंगरने मागे दाबून धरलेले असते, त्यामुळे त्या फुल-बॅककडे धावत जाण्याचे काम मधल्या फळीतील बाजूच्या खेळाडूवर येते. हे काम अत्यंत दमवणारे आहे, आणि आठ क्रमांकाला बाजूला न ठेवण्याचे मुख्य कारणही हेच आहे. याउलट आपला उजवा विंगर ४-४-२ मध्ये दर सामन्यात समोरच्या डाव्या फुल-बॅकला अडवत आलाच आहे. आता त्याची सुरुवातीची जागा दहा-बारा मीटर आत येईल, एवढाच फरक आहे. चेंडू आपल्याकडे असताना मात्र त्याला आत वळून चकवण्याची सवय लावावी लागेल.

मागच्या तिघांविषयीही सांगतो. संथ डाव्या फुल-बॅकला तिघांतला डावा सेंटर-बॅक करावे, म्हणजे त्याचे हेडर व अंदाज उपयोगी पडतील. चपळ मुलगा मध्ये ठेवावा, कारण दोघांपैकी कोणाच्याही मागे चेंडू पडला तरी तो पोहोचला पाहिजे. ज्याचा पास चांगला आहे त्याला उजवीकडे ठेवावे. समोर एकच मध्यवर्ती स्ट्रायकर असेल तर तिघांपैकी एक जण जवळजवळ रिकामा असतो. अशा वेळी उजवीकडच्या मुलाने चेंडू घेऊन मधल्या फळीत चालत यावे, म्हणजे आठ क्रमांकाला घेरायला आलेल्या खेळाडूला दोघांपैकी एकाची निवड करावी लागेल.

डाव्या विंगरला विंग-बॅक करण्यास कचरू नये. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये आर्सेनलकडून ०-३ असा पराभव झाल्यावर चेल्सी या इंग्लिश क्लबने ३-४-३ स्वीकारली, तेव्हा व्हिक्टर मोझेस या विंगरला प्रशिक्षक अंतोनिओ कोंते यांनी उजवा विंग-बॅक केले. त्यानंतर चेल्सीने प्रीमियर लीगमध्ये सलग १३ सामने जिंकले आणि त्या हंगामाचे विजेतेपदही मिळवले.

प्रतिसाद २

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, तरीही मला थोडे वेगळे सुचवावेसे वाटते. हंगामाच्या मध्यावर १६-१७ वर्षांच्या मुलांना तिघांची बचावफळी शिकवणे सोपे नसते. चौघांच्या फळीत प्रत्येकाला आपला पट्टा ठाऊक असतो. तिघांच्या फळीत मात्र कोणी बाहेर जायचे आणि कोणी आत सरकायचे हे दर वेळी नव्याने ठरवावे लागते.

४-४-२ मध्ये दोघांवर तिघे भारी पडतात हे खरे, पण तो दोष आकड्यांपेक्षा फळ्यांमधील अंतराचा असतो. प्रशिक्षक आरिगो साक्की यांच्या मिलानने याच रचनेत १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप (आताची चॅम्पियन्स लीग) जिंकले, आणि पहिल्या व शेवटच्या फळीत सुमारे २५ मीटरपेक्षा अधिक अंतर पडू नये हा त्यांचा आग्रह होता. लेस्टर या इंग्लिश क्लबने २०१५-१६ मध्ये ८१ गुणांसह प्रीमियर लीग जिंकली तीही बहुतांशी ४-४-२ खेळूनच. मध्यभागी कांतेसारखा अथक धावणारा मिडफिल्डर होता हे एक कारण, पण स्ट्रायकर असूनही ओकाझाकी सतत मागे येऊन तिसऱ्या मिडफिल्डरची जागा भरत असे, हे दुसरे कारण तितकेच महत्त्वाचे आहे. आपला उंच स्ट्रायकर तसाही पाठ करून चेंडू धरतो. चेंडू समोरच्यांकडे असताना त्याने त्यांच्या सर्वांत मागच्या मिडफिल्डरजवळ उभे राहावे, एवढी एकच सूचना आधी देऊन पाहावी.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. आपण दिलेल्या वेळाची मला पूर्ण जाणीव आहे.

प्रतिसाद २ मधील सूचना मी लगेच पुढच्या सामन्यात वापरली. पूर्वार्धात तिचा स्पष्ट उपयोग झाला, समोरच्यांचा मोकळा राहणारा तिसरा मिडफिल्डर जवळपास दिसेनासा झाला. परंतु चेंडू हिसकावल्यानंतर उंच मुलगा इतका मागे असायचा की लांब पास घ्यायला पुढे एकटा धावणारा स्ट्रायकरच उरे. शिवाय आठ क्रमांकाचे धावणे फारसे कमी झाले नाही. म्हणून सरावात आम्ही अर्ध्या मैदानावर आठ विरुद्ध आठ असे खेळून मागचे तिघे, मधले तिघे आणि दोन विंग-बॅक एवढाच भाग बसवून पाहिला. तळाशी उभा राहिल्यावर आठ क्रमांकाच्या मुलाकडे चेंडू वारंवार येऊ लागला, आणि दुसऱ्या दिवशी तो सरावाला सर्वांच्या आधी येऊन थांबला होता. उजवा विंगर आतल्या जागेत गोंधळला, पण बाहेर धावत जाण्याचे काम त्याने न सांगता केले.

एक अडचण उरली आहे. चेंडू आमच्या उजव्या बाजूला असतो तेव्हा डावा विंग-बॅक कडेलाच थांबतो, आणि उजवीकडून आलेला क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू) दूरच्या खांबापाशी मोकळ्या खेळाडूला मिळतो. या सरावात आम्ही असे दोन गोल खाल्ले. त्याला हे कसे शिकवावे?

प्रतिसाद १ (पुन्हा)

विंगरला कडेला थांबण्याची सवय असते, त्यामुळे हे अपेक्षितच आहे. त्याला मैदानावरची ठरावीक जागा न सांगता माणूस सांगावा. चेंडू दुसऱ्या बाजूला गेला की तिघांतल्या डाव्या सेंटर-बॅकपासून पाच-सहा मीटरपेक्षा दूर राहायचे नाही, आणि समोरचा विंगर आपल्या पाठीमागे जाणार नाही अशा रीतीने शरीर तिरके ठेवायचे, एवढे दोनच नियम पुरेत. सरावात उजवीकडून सलग क्रॉस टाकावेत, पण प्रत्येक क्रॉसपूर्वी चेंडू एकदा डावीकडे नेऊन परत उजवीकडे आणावा, म्हणजे त्याला दर वेळी कडेपासून आत धावत यावे लागेल. आत आलेला डावा विंग-बॅक चेंडू हिसकावल्यावर पुन्हा कडेकडे सुटतो, आणि आपल्या आठ क्रमांकाच्या मुलाला चाळीस मीटरच्या त्या पासासाठी धावणारा खेळाडू तेथेच मिळेल. त्यामुळे हा सराव त्या दोघांकडून एकत्रच करून घ्यावा.