मदत हवी आहे: आर्तेताच्या आर्सेनलमध्ये ग्योकेरेस बसेल का?

मंडळी, २०२५-२६ च्या हंगामासाठी आर्सेनल या इंग्लिश फुटबॉल क्लबचं गणित मांडताना एका जागी अडलोय: स्पोर्टिंग या पोर्तुगीज क्लबकडून आलेला स्ट्रायकर ग्योकेरेस. प्रशिक्षक मिकेल आर्तेताची बचावाची घडी पक्की आहे, यात वाद नाही: प्रीमियर लीगमध्ये २०२३-२४ ला २९ गोल खाल्ले, २०२४-२५ ला ३४, दोन्ही वेळा सर्वांत कमी. कॉर्नरही जबरदस्त. साका किंवा राइस चेंडू आत वळवतात, दोघंतिघं गोलकीपरची वाट अडवतात, गॅब्रिएल धावत येऊन हेडर मारतो.

पण केलेले गोल ९१ वरून ६९ वर आले, गुण ८९ वरून ७४ वर, आणि तब्बल १४ सामने बरोबरीत सुटले. साका, हावर्ट्झ, जेझूसच्या दुखापती हे एक कारण, मान्य. माझ्या मते मोठं कारण संथ चढाई. चेंडू उजवीकडे फिरत राहतो, तोवर समोरचे दहाजण बॉक्ससमोर भिंत उभी करतात.

ग्योकेरेसची ताकद बचावफळीमागच्या मोकळ्या जागेत धावण्यात, आणि तीच जागा आर्सेनलला क्वचित मिळते. मग संघाने आपल्या गोलकडे थोडं मागे सरकून समोरच्याला पुढे ओढावं, की मिडफिल्डर ओडेगार्डने चेंडू मिळताच सरळ पुढे पास टाकावा? स्पोर्टिंगचे सामने नीट पाहिलेल्यांनी कृपया सांगा: पाठीला बचावपटू चिकटलेला असताना ग्योकेरेसचा पहिला टच कसा असतो?