गावचा आराखडा लोकांना सोबत घेऊन करायचा, तर सुरुवात कुठून?

(चर्चेतल्यांची टोपणनावं: उंबरठा विचारतो; शिवारफेरी, मोजपट्टी आणि दप्तर उत्तरं देतात.)

उंबरठा (प्रश्न)

नऊ सदस्यांची ग्रामपंचायत, तीन प्रभाग, लोकसंख्या साधारण 2,400, मतदार 1,700. गावठाणापासून दीड-दोन किलोमीटरवर दोन वस्त्या. 2025-26 चा 'आमचं गाव, आमचा विकास' आराखडा, म्हणजे ग्रामपंचायतीचा वर्षाचा विकास आराखडा, आता करायचा आहे. दरवेळी ग्रामसभेला तीस-चाळीस माणसं येतात, गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) होत नाही म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेत मागच्याच वर्षीची यादी रकमा बदलून मंजूर होते. पेव्हर ब्लॉक, गटार, हायमास्ट, सभामंडपाला कंपाउंड. यंदा लोकांनी ठरवलेली कामं आराखड्यात यावीत असं वाटतं. ग्रामसभेला गर्दी कशी जमवायची?

शिवारफेरी

गर्दीच्या मागे लागू नका. ग्रामसभा हा शेवटचा टप्पा आहे, तिथे नवीन काही ठरत नाही. माइक ज्याच्या हातात तोच बोलतो. काम त्याआधीच्या पाच-सहा आठवड्यांत होतं.

पहिली गोष्ट म्हणजे पैसा उघड करा. कामं विचारायच्या आधी चौकातल्या फळ्यावर लिहा की येणार किती आणि कशासाठी. समजा 15 व्या वित्त आयोगातून (त्याची मुदत 2025-26 पर्यंत) 12 लाख अपेक्षित आहेत. त्यातले 60 टक्के, म्हणजे 7.20 लाख, बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांसाठीच. त्यात निम्मे पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं, पाण्याचा पुनर्वापर यांसाठी आणि निम्मे स्वच्छतेसाठी. मोकळे (अबंधित) उरतात 4.80 लाख, त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही. मागची शिल्लक वेगळी लिहा. स्वतःच्या उत्पन्नातले मागासवर्गीय 15 टक्के, महिला-बालकल्याण 10 टक्के आणि दिव्यांग 5 टक्के, हेही लिहा. हा फळा न लावता मागण्या गोळा केल्या की दीडशे कामांची यादी होते, त्यातली आठ होतात आणि पुढच्या वर्षी लोक मागायलाही येत नाहीत.

मग फेरी. दोन्ही वस्त्यांसह गाव पायी फिरायचं, शक्यतो पाऊस पडून गेल्यावर. पाणी कुठे तुंबतं ते तेव्हाच दिसतं. चौकात रांगोळीने गावाचा नकाशा काढा. ग्रामपंचायतीच्या खोलीत काढलेल्या नकाशात वस्तीवरच्या बाईचा हात लागत नाही, रस्त्यावर काढला की ती वाकून दुरुस्ती करते.

प्रश्न कसा विचारता यावर निम्मं अवलंबून आहे. "काय पाहिजे?" म्हटलं की सभामंडप हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी विचारा की उन्हाळ्यात कोणत्या महिन्यात नळ बंद पडतो, एका खेपेला किती वेळ लागतो, पोर शाळेत कोणत्या वाटेने जातं, रात्री पेशंट काढायचा झाला तर गाडी कुठपर्यंत येते.

महिला सभा ग्रामसभेच्या आधी घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे, पण बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरमध्येच होते. बचत गटांच्या सीआरपी ताईंना (गटांचं काम बघणाऱ्या गावातल्याच कार्यकर्त्या) विचारून वेळ ठरवा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत सकाळी अकराची सभा लावली तर अंगणवाडी सेविकेशिवाय कोणी येणार नाही. संध्याकाळी धारा काढून झाल्यावर वस्तीवरच बसा.

शेवटी पसंती. कामांची चित्रं जमिनीवर मांडा आणि प्रत्येकाला दहा चिंचोके द्या. एका कामावर चारपेक्षा जास्त नाहीत. बायकांना चिंचोके, पुरुषांना खडे दिले की दोघांचा कल वेगवेगळा दिसतो. हात वर करून मतदान टाळा, भाऊकीकडे बघून हात वर होतात.

मोजपट्टी

वरचं सगळं बरोबर, पण पसंती घ्यायच्या आधी कामं एकदा शाखा अभियंत्याच्या नजरेखालून जाऊ द्या. लोकांनी निवडलेलं काम तांत्रिक मान्यतेत अडकलं तर दोष सहभागाला लागतो.

बहुतेक कामं जागेवर मरतात. रस्त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 23 ला (रस्त्यांच्या नोंदवहीत) आहे का? टाकी, शेड, अंगणवाडी असेल तर जागेचा नमुना आठ किंवा सातबारा कोणाच्या नावाचा? "तो देतो म्हणालाय" यावर आराखडा करू नका. बक्षीसपत्र होईपर्यंत काम पुढच्या वर्षाच्या यादीत.

गटाराचं उदाहरण घ्या, कारण त्यात सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. 200 मीटर गटाराला 200 ला 1 उतार धरला तर टोकाला 1 मीटर खाली जावं लागतं. जमीन सपाट असेल तर सुरुवातीला 30 सेंमी खोल असलेलं गटार शेवटी 1.30 मीटर होतं. त्यापुढे ओढा नसेल तर पाणी कोणाच्या तरी परसात. म्हणून आधी पाणी कुठे सोडणार ते दाखवा, मग मीटर मोजा. शेवटच्या घरवाल्याची संमती सुरुवातीलाच घ्या, भांडण तिथूनच येतं. जागा नसेल तर घरोघरी शोषखड्डे स्वस्त पडतात, फक्त काळ्या चिकण मातीत पाणी मुरत नाही.

क्रम: आधी पाइपलाइन, मग गटार, मग रस्ता. जलजीवनची पाइप राहिली असताना काँक्रीट केलं तर सहा महिन्यांत ते फुटणार.

खर्चाचा आकडा चालू दरसूचीप्रमाणे काढा, त्यात जीएसटी आणि कामगार कल्याण उपकर धरा. अंदाजे "तीन लाख" लिहिलेलं काम अंदाजपत्रकात चारच्या पुढे गेलं की शेवटचे चाळीस मीटर कापले जातात, आणि शेवटी राहतात ती नेहमी कडेची घरं.

आणि ती वाटणी! नऊ सदस्य म्हणून 4.80 लाखांचे नऊ तुकडे, प्रत्येकी 53 हजार. त्यात एकही काम पुरं होत नाही. यंदा एका प्रभागात पुरं काम, पुढच्या वर्षी दुसऱ्यात, असा तीन वर्षांचा क्रम ग्रामसभेत लिहून घ्या.

उंबरठा

वस्त्यांचं काय? दोन्ही मिळून 180 लोक. चिंचोके मोजले तरी गावठाणच जिंकणार.

शिवारफेरी

म्हणून नुसती बेरीज करायची नाही. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने 1989 मध्ये लोकसहभागी अंदाजपत्रक सुरू केलं, तिथेही पैसा विभागताना लोकांचा अग्रक्रम, लोकसंख्या आणि त्या भागात सोयीचा अभाव किती, या तिन्हींना गुण होते. तुम्ही साधं ठेवा. अभावाला 0 ते 4 गुण: घरात नळ 0, सामायिक नळ 1, अर्धा किलोमीटरच्या आत विहीर-हापसा 2, त्यापुढे 3, उन्हाळ्यात टँकर 4. रस्ता, दिवे, गटार यांचंही तसंच. चिंचोक्यांचे गुण काढताना त्या प्रभागात किंवा वस्तीत हजर असलेल्या माणसांनी भागा.

अट एकच, गुणांचा तक्ता पसंती घ्यायच्या आधी फळ्यावर लागला पाहिजे. निकाल बघून नियम केला असं कोणी म्हटलं की सगळं फिसकटतं.

दप्तर

कागदाची बाजू. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी, दवंडी वेगळी, आणि वस्त्यांवरही. विषयपत्रिकेत "आराखडा मंजूर करणे व आयत्या वेळचे विषय" एवढंच नको, कामांची यादी रकमेसह जोडा. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल ती. तुमच्याकडे 15 टक्के म्हणजे 255, म्हणून 100 पुरतात. वस्तीसभा नीट झाल्या तर प्रत्येक ठिकाणाहून पंधरा-वीस जण आणणं जमतं. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हीच पळवाट वापरली जाते.

इतिवृत्त तिथेच लिहून वाचून दाखवा, मग सह्या. कोरं रजिस्टर फिरवून आधी सह्या घेतल्या तर नंतर त्यात काहीही येतं. महिला आणि वॉर्ड सभांचे ठराव ग्रामसभेच्या ठरावात क्रमांकासह नमूद करा.

मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढतो. त्यात नसलेल्या कामाचं बिल निघत नाही, म्हणून चढवलेली यादी आणि ठरावातली यादी ओळीने ताडून बघा. चुकून बंधितचं काम अबंधितमध्ये टाकलं जातं आणि मार्चमध्ये पैसे असून खर्च करता येत नाहीत. पाण्याची किंवा स्वच्छतेची गरज पूर्ण भागली असेल तर तो वाटा दुसऱ्या बाजूला वापरता येतो, पण ग्रामसभेचा तसा ठराव लागतो. नंतर काम बदलायचं तर पुन्हा ग्रामसभा आणि पुरवणी आराखडा.

शेततळी, विहिरी, गोठे, पाणंद रस्ते यांना वित्त आयोगाचा पैसा लावू नका. ते रोजगार हमीच्या नियोजनात टाका, त्याचीही मंजुरी ग्रामसभेचीच. आदिवासी भागात असाल तर पेसाचा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याखालचा) 5 टक्के अबंध निधी वेगळा, त्याचा आराखडाही वेगळा.

मोजपट्टी

काम सुरू झाल्यावरही लोक लागतात. जागेवर फलक: कामाचं नाव, निधी, रक्कम, लांबी-रुंदी-जाडी. 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 15 सेंमी जाड रस्त्याला 45 घनमीटर काँक्रीट लागतं. जाडी 12 सेंमी भरली तर 36 घनमीटर. नऊ घनमीटर कुठे गेले हे विचारायला इंजिनिअर नको, टेप पुरतो. मात्र ओतायच्या वेळीच मोजा, नंतर कडेला मातीचा भराव पडला की जाडी दिसत नाही. पाणी मारायला 10 ते 14 दिवस कोण, हे शेजारच्या चार घरांशी आधीच बोलून ठेवा.

उंबरठा

फळा या आठवड्यात लावतो. एक शेवटचं: जी कामं राहिली त्यांचं काय सांगायचं?

दप्तर

दुसरी यादी त्याच फळ्यावर. प्रत्येक कामापुढे कारण: जागा नाही, निधीचा प्रकार जुळत नाही, गुण कमी, किंवा रस्ता जिल्हा परिषदेचा आहे. जिल्हा परिषदेच्या किंवा पंचायत समितीच्या कामांसाठी ग्रामसभेचा वेगळा ठराव करून त्यांच्या आराखड्यासाठी पाठवा आणि पोच घ्या. 15 व्या वित्त आयोगाच्या निधीत महाराष्ट्रात त्या दोघांचा 10-10 टक्के वाटा आहे, तिकडे मागणीच जात नाही म्हणून तो कोणाच्या तरी शिफारशीवर जातो.