जपानला जाण्याआधी कांजी लिपीचं बघा

भाषा शिकायलाच जपानला जायचं, तर इथे वेळ कशाला घालवायचा, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. तिथल्या भाषाशाळांत चिनी मुलं बरीच असतात. त्यांना कांजीची, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांची, ओळख लहानपणापासून असते, त्यामुळे वर्ग भराभर पुढे सरकतो आणि आपली मुलं फळ्यावरचं उतरवून घेण्यातच अडकतात. व्याकरणात मात्र आपल्याला खूप सोपं जातं! क्रियापद शेवटी, 'ला', 'हून' यांसारखे प्रत्यय नामानंतर, अगदी मराठीसारखंच. म्हणून इथला वेळ कांजीला द्या. चौकटींच्या वहीत, रेघांचा क्रम पाळून, हातानं लिहा. मोबाइलवर नुसतं ओळखता येऊन भागत नाही. हिरागाना-काताकाना या जपानीच्या दोन उच्चारलिपी तर विमानात बसण्याआधीच पक्क्या हव्यात, स्वतःचं नाव काताकानात लिहिण्यासकट. पुण्यात जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा होते, निदान तिची सगळ्यात सोपी पातळी, एन५, देऊन जा.

एप्रिलच्या प्रवेशासाठी कागदपत्रांची तयारी आदल्या पावसाळ्यातच सुरू करा. आणि परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं, पण त्यावर फीचं गणित मांडू नका. रात्रपाळी करून सकाळच्या वर्गात डोळे मिटायला लागले, की शिकणंच बाजूला राहतं.