चंदीगडचे रॉक गार्डन विद्यार्थ्यांना कसे दाखवावे?

प्रश्न : चित्रकला शिक्षिका, सातारा

येत्या डिसेंबरात आठवी-नववीच्या २२ विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही चंदीगडला जाणार आहोत. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा आमच्या हस्तकलेच्या तासाचा नेहमीचा विषय. परंतु बाटलीची फुलदाणी आणि जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटे यांच्यापलीकडे आम्ही कधी गेलो नाही, याची मला मनापासून खंत आहे. टाकाऊ वस्तूंतून ही मूर्तींची बाग घडवणारे नेकचंद यांचे काम मुलांनी नीट पाहावे, मूर्तींसमोर छायाचित्रे काढून पुढे पळू नये, असे वाटते. कोठे थांबावे, किती वेळ ठेवावा आणि जाण्यापूर्वी मुलांना काय सांगावे? सोबतच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंचे गुडघे दुखतात, त्यांना फिरणे झेपेल का?

उत्तर १ : पंचकुला येथे राहणारा एक मराठी अभियंता

ताई, किमान तीन तास ठेवा आणि शक्यतो सुट्टीचा दिवस टाळा. बाग सेक्टर १ मध्ये, सुखना तलावाजवळ आहे. तिचे तीन टप्पे असून वाट एकामागून एक त्यांतूनच जाते. पहिल्या टप्प्यात शिवालिक डोंगररांगेच्या पायथ्याच्या नदीनाल्यांतून वेचून आणलेले, निसर्गानेच आकार दिलेले दगड मांडलेले आहेत. मुले येथे घाई करतील. त्यांना करू द्या. खरा मुक्काम दुसऱ्या टप्प्यात करावा. तेथे माणसे, वानरे, पक्षी आणि इतर प्राणी यांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. मुलांना एकच मूर्ती निवडायला सांगा आणि ती कशाकशाची बनली आहे, याची यादी वहीत करायला लावा. आत बहुधा जुन्या सायकलीचा सांगाडा किंवा लोखंडी सळ्या, त्यावर सिमेंट-वाळूचा थर, आणि तो ओला असतानाच वरून दाबून बसवलेले काचेचे, चिनीमातीच्या भांड्यांचे किंवा बांगड्यांचे तुकडे, अशी साधारण रचना आढळते. एकच साचा असूनही शेजारच्या दोन मूर्तींचे चेहरे सारखे का वाटत नाहीत, हा प्रश्न मुलांनी स्वतः सोडवावा, असे मला वाटते. मूर्तींकडेच लक्ष राहते म्हणून भिंतीही मुद्दाम दाखवा : डांबराची रिकामी पिंपे, वीजजोडणीचे चिनीमातीचे फ्यूज, फुटके माठ, सारे तेथे बांधकामात सामावलेले आहे.

सहकारी बाईंबद्दल मात्र स्पष्ट सांगतो : वाटा अरुंद आहेत, पायऱ्या आणि चढउतार बरेच आहेत आणि काही दारे इतकी बुटकी आहेत की वाकूनच आत जावे लागते. त्यांनी सावकाश, कोणाचा तरी हात धरून चालावे.

उत्तर २ : निवृत्त ग्रंथपाल, नाशिक

जाण्यापूर्वी मुलांना हा कचरा कोठून आला, ते आवर्जून सांगा. नेकचंद सैनी यांचा जन्म १९२४ साली आज पाकिस्तानात असलेल्या शकरगड भागातील एका खेड्यात झाला. फाळणीत त्यांचे गाव सुटले. पुढे ते चंदीगडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ता निरीक्षक झाले. वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी आखलेले हे नवे शहर उभे करण्यासाठी तेथील जुनी खेडी पाडली जात होती आणि त्या घरांचे अवशेष ढिगांनी पडले होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून हा माणूस कामावरून सुटल्यावर ते सामान सायकलवरून राखीव जंगलातल्या एका घळीत नेऊ लागला. तेथे काहीही बांधण्यास मनाई असल्यामुळे हे काम अनेक वर्षे लपूनछपून चालले. १९७० च्या दशकात ते उघडकीस आले, तेव्हा पाडून टाकण्याऐवजी प्रशासनाने १९७६ साली बाग लोकांसाठी खुली केली आणि नेकचंद यांना पगार व मदतीला मजूर दिले. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये ते गेले.

एक गोष्ट मला फार जवळची वाटते. आपल्याकडे बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात. तेथील स्त्रीमूर्ती अशा वाढवलेल्या बांगड्यांच्या तुकड्यांनी अंगभर झाकलेल्या आहेत. आमच्या आई-आजी ते तुकडे केरात टाकण्याआधी क्षणभर थबकत असत, याची आठवण त्या मूर्तींसमोर मला झाली आणि मी बराच वेळ तेथून हललो नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. यादी करण्याचा उपक्रम नक्की घेईन. परतताना दिल्लीत एक संध्याकाळ मोकळी आहे. तेथे याच प्रकारचे काही पाहण्यासारखे आहे का?

उत्तर ३ : दिल्लीत नोकरीस असलेली एक सोलापूरकर

सराय काले खां येथे २०१९ मध्ये खुले झालेले ‘वेस्ट टू वंडर’ उद्यान पाहावे. ताजमहाल, आयफेल टॉवर आदी सात आश्चर्यांच्या प्रतिकृती सुमारे १५० टन भंगारातून तेथे उभ्या केल्या आहेत. अंधार पडल्यावर त्या दिव्यांत उजळतात. काम कौशल्याचे आहे, मात्र तेथे काय बनवायचे ते आधीच ठरलेले होते आणि भंगार त्या आकारात बसवले गेले. चंदीगडला हाती आलेला तुकडाच पुढचा आकार सुचवत गेल्यासारखा वाटतो. चंदीगडच्या वह्या मुलांच्या हाती असतील तर हा फरक तुम्हाला समजावून सांगावा लागणार नाही. फक्त आयफेल टॉवरच्या पायाशी त्यांना पुन्हा एकदा यादी करायला बसवा.